ग्रामपंचायतीचा हिशेब गावासमोर मांडताना : छोट्या संस्थांसाठी मार्गदर्शन

तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्या बहुतेक सामाजिक संस्थांचे आज फेसबुकवर पान असते, दोन-चार व्हॉट्सॲप गट असतात आणि काहींची यूट्यूब वाहिनीही असते. मात्र तेथे प्रामुख्याने दिसतात ती वृक्षारोपणाची, वह्यावाटपाची आणि सत्कारांची छायाचित्रे. त्याच वेळी, ज्या गावांत या संस्था वावरतात त्या गावांचे विकास आराखडे आणि जमा-खर्च शासनाच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहण्यासाठी खुले आहेत. माहिती एका जागी पडून आहे आणि माणसांपर्यंत पोहोचण्याची सोय दुसऱ्याच्या हातात आहे. या दोहोंची सांगड कशी घालावी, हे येथे ग्रामपंचायतीच्या हिशेबाच्या उदाहरणाने सांगितले आहे. या कामात समाजमाध्यमाला फार वरचे स्थान देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी कागद मिळवावा, तो जागेवर पडताळावा, मग संदेश लिहावा आणि विषय ग्रामसभेत न्यावा, कारण ठराव करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, व्हॉट्सॲप गटाला नाही.

प्रश्न नेमका करावा

‘कारभार पारदर्शक हवा’ ही मागणी योग्य असली तरी तिचे उत्तर कोणत्याही कागदात सापडत नाही. त्याऐवजी ‘गेल्या आर्थिक वर्षात पिण्याच्या पाण्यासाठी कोणती कामे मंजूर झाली, त्यांवर किती रक्कम खर्च पडली आणि ती कामे आज जागेवर आहेत का’ असा प्रश्न घ्यावा. सुरुवातीला पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतींना अनुदान म्हणून मिळालेला निधी निवडणे सोयीचे ठरते. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी आयोगाने या अनुदानाचा ६० टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिला आणि ४० टक्के भाग अबंधित ठेवला. त्यातूनही पगार व आस्थापनेचा खर्च भागवण्यास मनाई होती. नियम असे स्पष्ट असले की कोणता खर्च कोठे बसतो हे नवख्या कार्यकर्त्यालाही तपासता येते. एका वेळी एक गाव, एक वर्ष आणि एकच निधी घ्यावा. संपूर्ण तालुक्याचा हिशेब एकदम काढायला बसलेले गट बहुधा पहिल्याच महिन्यात थकतात.

कागद कोठे शोधावेत

पंचायत राज मंत्रालयाने २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केलेले ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ या कामाचा पाया आहे. राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत या क्रमाने निवड केल्यावर त्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा, त्यातील प्रत्येक कामाचे नाव, अंदाजित रक्कम आणि जमा-खर्चाचे अहवाल पाहता येतात. मोबाइलवर हीच माहिती ‘मेरी पंचायत’ या ॲपमधून मिळते. पहिली अडचण येते ती गावांच्या नावांची. पिंपळगाव, वडगाव, नांदगाव ही नावे महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात आणि संकेतस्थळावर ती इंग्रजी लिपीत निरनिराळ्या पद्धतींनी लिहिलेली असतात. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीला केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत दिलेला संकेतांक प्रथम नोंदवून घ्यावा आणि पुढील सर्व नोंदींत गावाच्या नावासोबत तोच वापरावा. शेजारच्या तालुक्यातील त्याच नावाच्या गावाचा खर्च आपल्या सरपंचांच्या नावावर टाकणे ही अक्षम्य चूक ठरेल.

पाहिलेली माहिती त्याच क्षणी जपून ठेवणे आवश्यक आहे, कारण नोंदी नंतर दुरुस्त होतात आणि पानांची रचनाही बदलते. जी पाने निवड केल्यानंतर तयार होतात ती मोबाइलच्या किंवा संगणकाच्या छपाईच्या पर्यायातून पीडीएफ स्वरूपात साठवावीत आणि फाइलच्या नावातच गाव, वर्ष व पाहिल्याची तारीख लिहावी. ज्या पानांना किंवा दस्तऐवजांना स्वतःचा कायमचा पत्ता आहे, त्यांची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या प्रती जपणाऱ्या सेवेवर साठवता येते. त्या प्रतीवर तारीख असते आणि ती संस्थेच्या संगणकावर अवलंबून राहत नाही.

शासन निर्णयांच्या बाबतीत एक सवय प्रत्येक कार्यकर्त्याने लावून घ्यावी. गावागावांतील गटांवर ‘नवा जीआर आला’ म्हणून कागदाचे छायाचित्र फिरते आणि लोक त्यावर विसंबून सेतू केंद्रावर रांगा लावतात. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेल्या शासन निर्णयाच्या शेवटी त्याचा संगणक सांकेतांक दिलेला असतो. तो सांकेतांक संकेतस्थळावरील शोधात टाकावा. मूळ दस्तऐवज सापडला तर त्याचा दुवा गटावर द्यावा; सांकेतांकच नसेल किंवा त्यावर दुसराच निर्णय उघडत असेल, तर तसे शांत शब्दांत गटावर लिहावे. केवळ एवढे एक काम वर्षभर नेमाने केले तरी संस्थेच्या शब्दाला गावात वजन येते. मोठ्या कामांच्या निविदा महाटेंडर्स या संकेतस्थळावर पाहता येतात. जुने कागद बहुधा स्कॅन केलेले किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमधील असल्याने त्यांत शब्द शोधता येत नाही. गूगल लेन्ससारख्या साधनाने त्यातील मजकूर उतरवून घेता येतो, परंतु आकडे मात्र मूळ कागदाशी एकेक करून ताडून पाहावेत, कारण अशा साधनांची देवनागरी अंकांमध्ये गल्लत होऊ शकते.

जे संकेतस्थळावर नाही, त्यासाठी माहितीचा अधिकार

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा प्रकारची माहिती कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते, आणि ती शक्यतो स्थानिक भाषेत व सहज मिळेल अशा रीतीने द्यावयाची असते. म्हणून पहिले पत्र साधे असावे : कलम ४ खालील माहिती कोठे प्रसिद्ध केली आहे, एवढेच त्यात विचारावे. अनेकदा या पत्रानेच संवाद सुरू होतो आणि अर्जाची वेळ येत नाही.

अर्ज करावा लागल्यास महाराष्ट्रात तो ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह करतात. राज्याच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयापुरता आणि सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. राज्याचे ऑनलाइन अर्जाचे संकेतस्थळ आहे, पण ग्रामपंचायतीसाठी कागदी अर्ज आणि त्याची पोच हाच खात्रीचा मार्ग आहे. ‘हे काम निकृष्ट का झाले’ असे विचारू नये, कारण जन माहिती अधिकारी उपलब्ध अभिलेख देतो, कारणमीमांसा नव्हे. कागदांची नावे घ्यावीत : कामाचे अंदाजपत्रक, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील त्या कामाची पाने, अदा केलेली देयके आणि पूर्णत्वाचा दाखला. यांपैकी मोजमाप पुस्तिका सर्वांत महत्त्वाची आहे. रस्त्याची लांबी, रुंदी आणि थराची जाडी तिच्यात नोंदलेली असते, आणि टेप घेऊन गेलेला कोणताही गावकरी ती जागेवर मोजू शकतो.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे असल्यास पुढील तीस दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. आयोगाकडील सुनावणीला बराच काळ लागू शकतो, म्हणून पाहणीचा अधिकार विसरू नये. कलम २(ञ) मध्ये कागदपत्रांबरोबरच कामांची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क दिलेला आहे. पुणे महानगरपालिकेत नागरिकांच्या पाठपुराव्यातून सोमवारी दुपारी फाइली पाहू देण्याची पद्धत रुजली, आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हास्तरीय व त्याखालील कार्यालयांसाठी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ त्यासाठी ठरवून दिली. शांतपणे बसून फाइल पाहणारे दोन कार्यकर्ते जेवढे शिकतात, तेवढे झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून हाती लागत नाही.

पडताळणी

मिळालेली माहिती एका सामायिक तक्त्यात भरावी. कामाचे नाव, मंजूर रक्कम, खर्च, मोजमाप पुस्तिकेतील माप, जागेवरील माप, पाहणीची तारीख आणि माहितीचा स्रोत एवढे रकाने पुरेसे आहेत. त्यांतला स्रोताचा रकाना कधीही रिकामा सोडू नये. जागेवरील छायाचित्रांत ठिकाण आणि वेळ यांची नोंद राहील अशी मांडणी कॅमेऱ्यात करून घ्यावी. व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठवलेल्या छायाचित्रातील ही नोंद निघून जाते आणि चित्राचा दर्जाही घटतो, म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ या पर्यायातून पाठवावे. गावांची संख्या वाढली तर कोबोटूलबॉक्स या मोबाइलवर माहिती गोळा करण्याच्या साधनातील प्रश्नावली वापरता येते. रेंज नसलेल्या पाड्यावर भरलेली माहिती रेंजमध्ये आल्यावर आपोआप जमा होते.

तफावत सापडली तरी ती लगेच प्रसिद्ध करू नये. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना ती लेखी कळवून आठवडाभराची मुदत द्यावी. संकेतस्थळावरील नोंद चुकीच्या वर्षात पडणे, एका कामाचा खर्च दुसऱ्याच्या नावावर चढणे, काम पूर्ण होऊनही ‘अपूर्ण’ दिसणे हे प्रकार घडतात आणि त्यांचे खुलासे खरेही असतात. भ्रष्टाचाराचा शिक्का मारल्यावर तो पुसता येत नाही, आणि गावात तर तो माणसाच्या मुलाबाळांपर्यंत पोहोचतो. खुलासा आला तर तो तफावतीसोबत, त्याच ठळकपणे द्यावा. मुदत उलटूनही उत्तर न आल्यास ‘उत्तर आलेले नाही’ एवढेच लिहावे.

संदेश कसा लिहावा

गावातील गटावर चालणारा संदेश पाच-सहा ओळींचा असतो. ‘पाणीयोजनेत लाखोंचा घोटाळा, जागे व्हा’ असा मजकूर पुष्कळ फिरतो, परंतु त्यातून कोणालाही करण्यासारखे काही मिळत नाही आणि दुसऱ्याच दिवशी तो राजकीय गटातटाचा विषय होतो. त्याऐवजी कामाचे नाव, ते कोणत्या वस्तीतले, मंजूर रक्कम, कागदावरील माप, जागेवरील माप, ग्रामपंचायतीचा खुलासा आणि विषय कोणत्या ग्रामसभेत येणार आहे, एवढ्या गोष्टी या क्रमाने लिहाव्यात आणि खाली मूळ कागदाचा दुवा द्यावा. विशेषणे टाळावीत. समजा मोजमाप पुस्तिकेत १२० मीटर जलवाहिनी नोंदलेली आहे आणि जागेवर ८५ मीटर आढळते, तर हे दोन आकडेच पुरेसे बोलके आहेत.

प्रत्येक संदेशाची एक ध्वनिफीत करावी, दीड मिनिटाच्या आतली आणि गावच्या बोलीत. मेळघाटात ती कोरकूत असावी, नंदुरबारच्या डोंगरात पावरी किंवा भिली बोलीत, गडचिरोलीच्या काही भागांत गोंडीत किंवा माडियात. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणि दिवसभर शेतात असलेल्या बायकांना हिशेब ऐकण्याचा हक्क तितकाच आहे, आणि पाण्याच्या कामाची खरी माहिती बहुधा त्यांनाच असते. दृष्टिहीन वाचकांसाठी मजकूर छायाचित्रात न देता युनिकोडमध्ये टंकलेला द्यावा, म्हणजे मोबाइल तो वाचून दाखवू शकतो. चौकातील फलकावरही हाच मजकूर मोठ्या अक्षरांत लावावा.

निवेदनासाठी आणि चर्चेसाठी वेगळी जागा ठेवणे हिताचे ठरते. केवळ गटाच्या प्रशासकांना (ॲडमिनना) लिहिता येईल असा एक गट किंवा व्हॉट्सॲप चॅनेल निवेदनांसाठी असावे. चॅनेलवर सदस्यांचे दूरध्वनी क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, ही महिलांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. चर्चेच्या गटाचे नियम पहिल्याच दिवशी लिहून द्यावेत. एखाद्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज, गटाच्या प्रशासकाला फौजदारीदृष्ट्या जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तरीही असा मजकूर काढून टाकणे हे प्रशासकाचे नैतिक कर्तव्य आहेच.

शहरी संस्थांना एक्सचा (पूर्वीच्या ट्विटरचा) उपयोग अधिक होतो. मुंबई महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयांची तेथे स्वतंत्र खाती आहेत. मात्र अधिकाऱ्याला टॅग केलेली पोस्ट ही तक्रार समजली जाईलच असे नाही. राज्य शासनाच्या ‘आपले सरकार’ या पोर्टलवर किंवा संबंधित पालिकेच्या तक्रार प्रणालीत नोंद करून मिळालेला क्रमांक पोस्टमध्ये लिहिला, तर पाठपुराव्याला आधार मिळतो.

कोणाचे नाव येऊ देऊ नये

शासकीय यादी संकेतस्थळावर आहे म्हणून ती तशीच्या तशी गटावर टाकावी असे नाही. लाभार्थ्यांची बँक खाती, आधार क्रमांक, दूरध्वनी, आजार, जात यांसारखा तपशील झाकूनच कागद प्रसिद्ध करावा. पीडीएफवर काळी पट्टी ओढून भागत नाही, कारण तिच्याखालचा मजकूर काढता येतो. झाकलेल्या पानाचे नवे चित्र करून तेच द्यावे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांच्या संमतीची अपेक्षा करतो. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत तर शाळेचे किंवा वस्तीचे नावही ओळख उघड करू शकते.

माहिती मागणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा विचारही आधीच करावा लागतो. जमीन गैरव्यवहारांची माहिती बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. वाळू, जमीन आणि ठेकेदारी यांच्याशी संबंधित विषयांत एकट्या तरुण कार्यकर्त्याच्या नावाने अर्ज करू नये. अनेक गावकऱ्यांनी वेगवेगळे अर्ज करावेत, मिळालेला कागद लगेच तीन-चार ठिकाणी साठवावा आणि तो प्रसिद्ध करताना व्यक्तीचे नव्हे, संस्थेचे नाव पुढे ठेवावे. कागद सर्वांकडे आहे हे उघड झाले की एका माणसाला गप्प करून कोणाचा फायदा होत नाही.

संस्थेचे स्वतःचे दप्तर

ग्रामपंचायतीला हिशेब विचारणाऱ्या संस्थेने आपला हिशेब आधी मांडलेला असावा. गावातला पहिला प्रश्न तोच असतो, आणि तो रास्त आहे. संकेतस्थळाला मोठा खर्च करण्याची गरज नाही. दोन-तीन पानांत धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडील नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची सध्याची नावे, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीसाठी असलेल्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक आणि देणग्यांचा विनियोग एवढे द्यावे. ताळेबंदासोबत ‘शंभर रुपयांतले किती कशावर गेले’ हे साध्या मराठीत सांगणारा परिच्छेद जरूर लिहावा, कारण ताळेबंद वाचता येणारे गावात थोडेच असतात.

समाजमाध्यमावरील देणगीच्या आवाहनात एक धोका दडलेला असतो. परदेशातील मराठी माणूस आपुलकीने पैसे पाठवतो, परंतु कायदा त्याची भाषा पाहत नाही, पारपत्र पाहतो. आखातात नोकरी करणारा आणि भारतीय पारपत्र असलेला माणूस आपल्या बचतीतून बँकेच्या नेहमीच्या मार्गाने देणगी देत असेल, तर ती विदेशी अभिदाय (कायद्याच्या भाषेत परदेशी देणगी) ठरत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या माणसाची देणगी मात्र, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, विदेशी अभिदायच ठरते, आणि विदेशी अभिदाय (विनियमन) अधिनियम, २०१० याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती स्वीकारता येत नाही. म्हणून यूपीआयचा क्यूआर कोड टाकताना त्याखालीच ‘केवळ भारतीय नागरिकांकडून’ असे लिहावे आणि देणगीदाराकडून तशी लेखी खात्री घ्यावी.

सर्व खाती संस्थेच्या ईमेलवर उघडावीत, प्रत्येकाला किमान दोन प्रशासक असावेत आणि दुहेरी पडताळणी चालू ठेवावी. कार्यकर्ता नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याच्यासोबत पानही गेले, अशी वेळ येऊ देऊ नये.

ग्रामसभेत

महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस त्यासाठी रुळले आहेत. आपले सर्व वेळापत्रक या तारखांवरून मागे मोजत ठरवावे. माहिती अर्जाला तीस दिवस, पडताळणीला पंधरा, खुलाशाला सात असे धरले आणि विषयपत्रिकेसाठी काही दिवस हाताशी ठेवले, तर २ ऑक्टोबरच्या सभेसाठी जुलैमध्येच अर्ज जायला हवा.

विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ या शेवटच्या कलमावर सोडू नये. तोवर अर्धी सभा उठलेली असते. विषयपत्रिकेत तो यावा म्हणून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. व्हॉट्सॲपची खरी कसोटी येथे लागते, म्हणून आदल्या संध्याकाळी ध्वनिफीत पुन्हा पाठवावी आणि वस्तीवस्तीवर माणूसही पाठवावा. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती कागदावरच उरकली जाऊ नये म्हणून तिची तारीखही गटावर जाहीर करावी, आणि पाण्याचा हिशेब प्रथम तेथे मांडावा. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगटाची पद्धत चालवली. निर्णयाच्या आधी विषय समजून घेणारी अशी दहा-बारा माणसांची बैठक कोणत्याही गटावरील चर्चेपेक्षा अधिक काम करते, कारण तेथे शंका विचारणारा माणूस समोर बसलेला असतो.

ठराव सोपा आणि मोजता येईल असा मांडावा : कोणते काम, काय अपुरे आहे, ते कोणी, कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण करावयाचे आणि त्याचा अहवाल कोणत्या सभेत ठेवावयाचा. सूचक आणि अनुमोदक आधी ठरवून ठेवावेत. सभेनंतर इतिवृत्ताच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा, प्रत मिळताच ती त्याच कामाच्या मूळ संदेशाला उत्तर म्हणून जोडावी, म्हणजे पहिल्या आकड्यापासून ठरावापर्यंतचे सारे कागद एका जागी सापडतील. ठरावाची तारीख उलटून गेल्यास त्या प्रतीसह गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी निवेदन द्यावे आणि त्याच्या पोचेचे छायाचित्रही त्याच धाग्यात ठेवावे.